बैठक

तिनं मोबाईलवर फोटो दाखवले.
सोनेरी नळीचे शॉकअप, बाहेरून गॅसचा डबा जोडलेले.
म्हणाली, "चाचा, किंमत सोडा."
किंमत सोडायला मी काही
तुर्भे एमआयडीसीत गाळा घेऊन बसलेलो नाही.

मी विचारलं, वजन किती?
"क्वाडचं?"
तुझं.
"अठ्ठावन्न," ती म्हणाली, जरा थांबून.
मग चढव सगळं.
हेल्मेट, बूट, छातीचं कवच,
पाठीवरची पाण्याची पिशवी, भरलेली.
आणि चल.

शेजारी हरकेशचं भंगाराचं दुकान.
तांब्याच्या तारांचं गोणपाट सरकवून
काट्यावर उभी राहिली
जसखारची भाविका घरत.
एकाहत्तर किलो, चारशे ग्रॅम.
हरकेशनं विचारलं, "भाव काय लावू?"
ती हसली नाही.
उजवं मनगट अजून पट्टीत होतं.

ही गाडी तिनं घेतली ऐरोलीच्या एका गड्याकडून.
तो बिनबुटाचाच शंभरावर.
त्यानं स्वतःपुरत्या स्प्रिंगा टाकल्या, दोन मोसम पळवली, विकली.
रंग बदलला, टायर बदलले, स्टिकर बदलले.
दोन वर्षं ही पोरगी
दुसऱ्याच्या वजनासाठी वळलेल्या तारेवर बसून
उड्या मारत होती.

टेप धरली.
बस. आता उतर. परत बस, उसळ जरा.
चाकाच्या चालीचा तिसरा हिस्सा
गाडी तुझ्याखाली खचायला हवी.
ही खचली अर्धं बोट.
"पण चाचा, घट्टच बरी ना? सगळी मुलं घट्टच ठेवतात."

आता हिला काय सांगू.
माझी वीस वर्षं टेम्पोच्या कमानपाट्यांत गेली.
एपीएमसीचे कांदेवाले यायचे,
मुकादम, एक पाटा जास्तीचा टाक.
टाकायचो.
भरलेला टेम्पो ऐटीत जायचा.
रिकामा परतताना ड्रायव्हरचे दात वाजायचे.
परतीचं कुणी विचारायचंच नाही.

एवढंच म्हणालो,
जी बसत नाही ती खड्ड्यात उतरत नाही,
आणि उतरली नाही की चाक हवेत.
हवेत ब्रेक लागत नाही, बाई.

टेपचं दुसरं टोक धरून ती मध्येच बोलली,
द्रोणागिरीच्या ज्या भरावावर आम्ही पळतो ना,
तिथं आजोबांचं मिठागर होतं.
अजून खचतं ते. दर वर्षी थोडं.
मी आकडा लिहून घेतला. टेपवरचा.

सोनेरी शॉकअप राहिले फोटोत.
जुनेच खोलले. आत तेल काळं, घासलेलं,
चहाच्या गाळासारखं.
नव्या स्प्रिंगा, दोन नंबर मऊ.
पत्र्याच्या चकत्या पुन्हा रचल्या,
नायट्रोजन रबाळ्याहून भरून आणला.
वळणावर आतलं चाक उचलत होतं,
म्हणून पुढचे ए-आर्म दोन इंच रुंद.
तिथं मात्र पैसे सोडले नाहीत, तिनंही, मीही.

उरली परतीची खुंटी.
दबलेली स्प्रिंग किती सावकाश वर यावी, ते ठरवणारी.
सातव्या टिचकीला गाडी उधळते,
नवव्या टिचकीला झोपते,
आठ म्हणावं तर आठही नाही.

रविवारी द्रोणागिरीला गेलो.
उडी बघायची नसते मला. पाठ करून उभा राहिलो.
आधीचा आवाज ठाऊक होता,
पत्र्यावर हातोडा.
आज गोणीवर गोणी पडल्यागत,
आणि मागोमाग इंजिन, न अडखळता.
दुसऱ्या फेरीला तसंच.
तिसऱ्या फेरीला तसंच.
पाचव्याला, कसं सांगू, किंचित वर.

ती आली, काच उचलली, तोंडभर धूळ.
"चाचा, शेवटी जरा उसळते का हो?"
तिच्या पाठीवरची पिशवी चपटी झाली होती.
पाणी पिऊन संपवलं होतं सगळं.
दोन किलो.

खिशातून टेप काढली.
बस, म्हटलं.