तीन बीप

पुंता अरेनासला वारा दाराची कडी स्वतःच वाजवतो,
म्हणून दोन्या ओर्तेन्सिया आत आल्या तेव्हा
मी मान वर केली नाही.

काखेत चादरीत गुंडाळलेला डेस्कटॉप.
खेकड्यांच्या तीन होड्यांचा सगळा हिशेब यात.
"भाच्यानं नवी रॅम पाठवली सांतियागोहून.
बसवली, तर पडदा काळा, आणि हा तीनदा ओरडतो."

पट्टी काढली. खोडरबराने सोनेरी दात घासले.
तीन बीप.
खाच जुळत होती, वेग जुळत होता, व्होल्टसुद्धा.
जुनी एकटी चालते.
नवी एकटी, कुठल्याही स्लॉटमध्ये, नाही.
बोर्डावरची बॅटरी काढून ठेवली,
तेवढ्यात दोघांनी एकेक माते प्यायलं.
तीन बीप.

मग दिव्याखाली चिपा मोजल्या.
जुनीवर सोळा, दोन्ही अंगांना आठ-आठ.
नवीवर आठच; पाठ कोरी.
तेवढाच संसार, निम्म्या खोल्यांत कोंबलेला.
आणि हा बोर्ड दोन हजार सातचा,
एवढ्या दाटीचे पाढे त्याला कुणी शिवकलेच नाहीत.

"म्हणजे नवी खराब?"
नाही. ती चांगली, हाही चांगला.
जमत नाही, एवढंच.

त्या जरा वेळ चादरीची घडी घालत राहिल्या.

बंद पडलेल्या शाळेच्या खोक्यात
धुळीने माखलेली एक सापडली, सोळा चिपांची.
बसवली.
एकच बीप, आखूड.

नवी पट्टी रुमालात बांधून
त्या फोनवर जोरात सांगत होत्या,
"धावतोय रे! तुझीच कृपा!"
मी घट्ट झालेला स्क्रू
आणखी एकदा पिळला.