डावीकडून, एकच

सेटवर आला की मढवी काही बोलायचा नाही.
खिशातलं मीटर काढायचा, न बघता परत ठेवायचा,
आणि भिंतीला सांगावं तसं मला सांगायचा,
"डावीकडून. एकच. बाकीचे झोपव."

बावीस वर्षं मी त्याचे दिवे झोपवले.
आधी गोखले रोडच्या हॉलांत लग्नं,
डोक्यावर हॅलोजन धरून मी,
मागे वायर सोडवत त्याचा भाचा.
अंतरपाट धरला की मढवी खूण करायचा,
दिवा पलीकडे ने.
कापडावर मुलीची सावली यायची,
नथ, मुंडावळ्या, जराशी हललेली हनुवटी.
नौपाड्यातल्या एका सासऱ्याने पैसे कापले,
सून काळी आली म्हणून.
तीच कॅसेट अकरा वर्षांनी
सून स्वतः येऊन मागून घेऊन गेली.
एकटीच आली होती.
आम्ही काही विचारलं नाही.

मग घोडबंदरचे भाड्याचे बंगले,
जिथे एकाच जिन्यावरून
चार मालिकांच्या सुना उतरायच्या.
चॅनलला उजेड हवा दुधासारखा,
नाकाखालीसुद्धा सावली नको.
फोन यायचा, "दागिने दिसत नाहीयेत."
मढवी म्हणायचा, "बाई दिसतेय ना?"
एकशे चाळिसाव्या भागाला त्याला नारळ मिळाला.
त्यातलं अर्धं खोबरं माझं.

हे त्याला कुठून आलं, ते कळलं बाळकुमला,
त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा.
त्याची आई वागळे इस्टेटला बल्ब तपासायची.
खोबणीत बसवायचा, एक सेकंद पेटवायचा,
तार धरली तर पुढे, नाही तर टोपलीत.
पाळीला अडीच हजार.
घरी आली की म्हणायची, सगळं मालवा.
चुलीच्या डाव्या अंगाला झिरोचा बल्ब तेवढा राहायचा.
त्यात ती भाकरी थापायची.
एक हात दिसायचा,
दुसऱ्याचा नुसता आवाज.

तिने मला विचारलं, हा करतो तरी काय?
मी म्हटलं, दिवे लावतो, मालवतो.
"मंग मी पन त्याच केला. पगार कवरा?"
मढवी खाली मान घालून काटे काढत राहिला.

धड असा सिनेमा त्याचा एकच.
रात्रपाळीची नर्स, कळव्यातला बंद पडलेला वॉर्ड,
एक ट्यूब आणि तिच्यावर बटर पेपर.
ठाण्यात एक आठवडा चालला, सकाळचा खेळ.
नर्स बाटली उजेडापुढे धरते, औषध किती उरलंय बघते,
आणि तिच्या गालावर बाटलीतलं तांबडं पाणी हलतं.
मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "लाईट लाव रे!"
मढवी माझ्या शेजारीच होता.
म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. त्याने तिकीट काढलंय."

कारखाना गेला. तिथे काचेची इमारत आली,
आणि आम्हाला तिच्यातच बँकेची जाहिरात मिळाली.
चारी बाजूंनी उजेड, त्यामुळे कुठूनच नाही.
मढवीने वॉचमनला जुनं गेट कुठे होतं ते विचारलं.
त्या पोराला काय ठाऊक.
मग स्वतःच पावलं मोजत आला
आणि रिसेप्शनच्या टेबलापाशी थांबला.
"सगळे झोपव. बेबी पेटव. एक सेकंद. बंद. परत."
मी पेटवत गेलो, बंद करत गेलो.
तिसाव्या वेळेनंतर मोजणं सोडलं.
त्याचा चेहरा यायचा, जायचा,
दर वेळी थोडा आईसारखा.
क्लायंट धावत आला, "पॉवर गेली का?"
"आली, आली," मढवी म्हणाला,
आणि आम्ही होते नव्हते ते सगळे लावले.
ती जाहिरात तुम्ही पाहिली असेल.
सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र.

मागच्या महिन्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
पट्टी काढली, डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला.
"उजवीकडून नको," मढवी म्हणाला.
त्या हसल्या.
मी उठलो
आणि उजवीकडचा पडदा ओढून घेतला.