बारा मिनिटं

नवतपा लागला की आम्ही गच्चीवर झोपतो.
दिवेलागणीला दोन बादल्या पाणी मारायचं,
सिमेंट हिस्स करतं,
मग थोड्या वेळानं गप्प बसतं.
कूलर खाली, भासऱ्यांच्या खाटेपाशी.
त्यांना जिना चढवत नाही.
वाळ्याचा वास तेवढा वर येतो.

या नऊ दिवसांत सूर्य रोहिणीत असतो,
म्हणून मध्यरात्री बरोबर उलट अंगाला,
सक्करदऱ्याकडच्या टाकीवर,
विंचू चढून बसतो.
आधी डोकं : तीन ठिपके, अनुराधा.
तिथून चार बोटं खाली डावीकडे
ज्येष्ठा. लाल.
फुंकर मारून ठेवलेल्या निखाऱ्यासारखी.

त्या चार बोटांत माझा जन्म आहे.

मेयोत, पहाटे चार वीस.
देवपुजारी गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला,
पंचांगावर नख फिरवलं, म्हणाले,
चार तेरापर्यंत अनुराधा होती हो.
मित्राचं नक्षत्र, देवगण, पोरगी लोण्यासारखी निघाली असती.
आता ज्येष्ठा. राक्षसगण.
ज्येष्ठेची लेक भासऱ्याला खाते.

बाबा एम्प्रेस मिलच्या हजेरीखात्यात होते.
उशिरा आलेल्याला वेळेवर लिहायचा
हात होता त्यांचा.
म्हणाले, गुरुजी, चार आठ लिहा.

तर कागदावर मी अनुराधा, चरण चौथा.
शनीची महादशा शिल्लक : चोवीस दिवस.
अक्षर 'ने'. नेत्रा.
खरं अक्षर 'नो' होतं.
'नो'वरून पोरीचं नाव निघत नाही,
नोटीस निघते.

आईनं हे हळदीच्या दिवशी सांगितलं,
माझ्या कानात कुडं घालता घालता.
म्हणाली, ज्येष्ठेची खूणच कुंडल आहे बघ,
आणि फिरकी जरा जास्तच आवळली.

एकतीस वर्षं
मी दौलतभाऊंच्या खोकल्याला कान देऊन झोपले.
वर्धा रोडवर त्यांची स्कूटर घसरली,
मी कुणाला न सांगता अकरा शनिवार धरले.
त्यांच्या वरणात मीठ कमी. त्यांच्या गोळ्यांच्या डबीवर
वार माझ्या अक्षरात.
घरात म्हणत, भासऱ्याचं इतकं कोण करतं!

ते मात्र माझ्या हातून कप घेत नसत.
मी ओट्यावर ठेवायची, मागे सरायची,
मग ते उचलत.
रीतच होती तशी. मी रीत समजले.

परवा रात्री वीज गेली.
पोरांनी त्यांना खुर्चीसकट वर आणलं.
सगळे झोपले, आम्ही दोघं जागे,
मध्ये माठ.
मान मागे टाकून ते बराच वेळ बघत राहिले.

ते लाल काय वो?
ज्येष्ठा, मी म्हटलं.
हं.
दूर कोराडीकडे आभाळ राखेच्या रंगाचं.
कुठंतरी कुत्रं भुंकलं, थांबलं.

तुह्या बाबांनी मले सांगतलं होतं, ते म्हणाले.
साक्षगंधाच्या रोजी, पानठेल्यावर.
म्हने, लपवत नाही, पाहा तुमचं.
मंग?
मंग काय.
लहानग्याले पसंत होती तू.

मी हिशेब करत बसले :
म्हणजे हजेरीखात्यात एक नाव
बाबांनी खरं लिहिलं होतं.
म्हणजे माझा एकेक शनिवार त्यांना दिसत होता.
म्हणजे ओट्यावरचा कप
रीत होता की भीती,
की दोन्ही, एकाच बशीत?
विचारायला तोंड उघडलं,
तर म्हणाले, पानी दे.

मी पेला भरला. सवयीनं
खाली फरशीवर ठेवायला वाकले,
तर त्यांचा हात आधीच पुढे आलेला,
थरथरत, शिरांचा,
किती वेळ कोण जाणे.

बारा मिनिटांत आभाळ तीन अंश सरकतं.
टाकीच्या कडेपाशी होता तो लाल ठिपका,
आता तिथं नव्हता.
ते घुटक्या-घुटक्यानं पीत होते,
आणि पेल्याची दुसरी बाजू
अजून माझ्या हातात होती.