कन्झ्युमेबल्स

कुडाळात, हायवेच्या कडेला, काचेपलीकडे
माझी गाडी लिफ्टवर चढवलेली,
डॉक्टरपुढे शर्ट वर धरून उभ्या माणसासारखी.
अलीकडे एसी, फुकटची कॉफी, आणि पाटी:
ग्राहकांनी आत येऊ नये.

मी पिग्मीवाला, पतपेढीचा.
देवबागच्या टोकापासून मालवण बंदरापर्यंत
एका अंगाला कर्ली, एका अंगाला दर्या,
मधल्या पट्टीवर रोजचे थांबे.
मासे कापणाऱ्या प्रेमावतीचे वीस,
स्कुबावाल्या पोरांचे पन्नास (मे महिना असेल तर),
खानावळीच्या गल्ल्यातले ओलसर दहा.
शेकडा तीन माझे.
त्र्याण्णव हजार किलोमीटर गाडीचे.

दीक्षिता मॅडमनी बिल माझ्याकडे फिरवलं,
पेनाचं टोक ओळीओळीवरून नेलं.
इंजिन ऑइल चारशे पंचवीस.
एअर फिल्टर दोनशे दहा. "वाळू होती सर, चमचाभर."
मागचे ब्रेक शू दोनशे चाळीस.
चेनचं वंगण एकशेवीस, मजुरी साडेचारशे,
धुणं-पॉलिश दीडशे.
ते नको म्हणालो होतो.
"पॅकेजमध्येच येतं सर."
नट-वॉशर आठ.
कन्झ्युमेबल्स अडतीस.

"हे काय?"
"कापड, ग्रीस, हात धुवायची पावडर...
जे वापरून संपतं ते, सर."

मी मान हलवली.
कमरेचा मणका कुठल्या ओळीत टाकतात
ते विचारणार होतो,
पण मागे माणसं उभी होती.

कर एकशे सत्तेचाळीस एकोणसत्तर दिल्लीला,
तेवढाच मुंबईला.
एकूण एकोणीसशे छत्तीस आणि अडतीस पैसे.
अडतीस पैसे त्यांनी सोडले.
साडेचौसष्ट हजार गोळा करीन
तेव्हा हे फिटतील,
दहा-दहाच्या नोटांनी, माशाचा वास असलेल्या.

मिंगेल लुद्रिक म्हणाला असता, "दी काय ता."
वायरीच्या वळणावर, माडाखाली त्याचं गॅरेज.
मी गाडी बंद करायच्या आधीच
तो आतून ओरडायचा, "ट्यापेट!"
मग हात थरथरायला लागला,
पाना नटावर बसेना.
मुलगा त्याला गोव्याला घेऊन गेला.

सायलेन्सरच्या पत्र्याला तार आहे, त्यानेच बांधलेली,
जळक्या मोटारीच्या कॉइलमधली, तांब्याची.
चार पावसाळे पत्रा हललेला नाही.
जॉबकार्डावर सकाळी लिहिलं गेलं:
बाहेरची तार, काढणे. पत्रा नवा, साडेसहाशे.
पत्रा नको, म्हणालो.
तारेबद्दल काही बोललो नाही.
असल्या ठिकाणी तारेबद्दल काय बोलायचं?

गाडी बाहेर ढकलत आणली ती हेमूने.
मिंगेलकडे पाने पुसणारा हेमू,
आता निळ्या गणवेशात, खिशावर नाव: चोपडेकर एच.
ओळख दाखवली नाही. वर कॅमेरा होता.
अडतिसातल्या कापडाने त्याने सीट पुसली
आणि चावी माझ्या हातात दिली.

चौक्याला पेट्रोलला थांबलो तेव्हा वाकून पाहिलं.
तार जाग्यावर. एक पीळ नवा दिलेला,
आणि टोक आत वळवलेलं,
पँटला लागू नये म्हणून.
खिशातून जॉबकार्ड काढलं:
'काढणे'पुढे बरोबरची खूण.

पुढची सर्व्हिस तीन हजार किलोमीटर
किंवा नव्वद दिवस, आधी येईल ते.
खाऱ्या वाऱ्याबद्दल त्यात काही नाही.

प्रेमावतीपाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं.
"नवी घेतलस की काय रे?" म्हणाली,
आणि ओल्या हाताने नोट टाकीवर ठेवली.
दीडशेच्या पॉलिशवर
तांबोशीचा एक खवला चिकटला.

मी पावती फाडली. वीस.