डाव्या चाकाची वही

सुवैद बिन जुमाची खुर्ची
माझ्या लेथपाशी पहिल्यांदा आली ते साल शहाण्णव.
सोहारच्या बाहेर, फलज अल-कबाइलचं वर्कशॉप,
वर तापलेला पत्रा, खाली मी, वेंगुर्ल्याचा.
वहीत लिहिलं : डावं चाक, बेअरिंग दोन, सव्वा रियाल.

तेवढंच.
रात्रीच्या रस्त्यात उंट उभा होता, पिकअप उलटली,
वय एकोणीस, कमरेखाली सगळं गप्प,
हे त्याने चौथ्या खेपेला सांगितलं.
म्हणाला, उंट मात्र उठला आणि चालू लागला.
हसला.
मी पान्हा शोधत राहिलो.

डावंच का झिजतं रे?
त्याने खडूने फरशीवर टेबल आखलं.
उजव्या हातात बॅट, डावा हात चाकावर;
चेंडू लांब पडला की अख्खं अंग
त्या एका चाकाला टांगायचं.
आणि सर्व्हिस पलीकडच्या काठावरूनच उतरली पाहिजे,
बाजूने सटकली तर पंच म्हणतो, पुन्हा.
रस्त्यावर असा पंच नसतो,
हे दोघांच्याही मनात आलं असणार.
बोललं कोणीच नाही.

चेंडू तेव्हा सेल्युलॉइडचे.
एक फुटका खिशातून पडला, वेल्डिंगची ठिणगी लागली,
भस्सकन पेटला,
आणि कापराचा वास!
माझे हात आपसूक ज्योतीवरून फिरले, डोळ्यांना लागले.
सुवैद बघत राहिला.
दुसऱ्या दिवशी फुटक्या चेंडूंची पिशवीच घेऊन आला.

वहीत पुढे :
चाकं तिरकी केली, अम्मानच्या आधी.
पुढचं छोटं चाक वाकलं, विमानवाल्यांची कृपा.
मधे दोन वर्षं काहीच नाही. (खांदा.)
मग पॅरालिंपिक. तीन सामने, दोन हरला.
तिसरा टीव्हीवर दाखवलाच नाही;
तो त्याने मला चमच्याने टेबलावर वाजवून ऐकवला,
टक्, टकटक्, टक्,
शेवटचा पॉइंट एवढा लांबला
की चहावर साय धरली.

परवा आला, दाढी पांढरी.
सोबत नवी खुर्ची, त्यात दहा-बारा वर्षांची गालिया,
माझ्या ग्राइंडरकडे टक लावून.
मी सवयीने डावं चाक उचललं.
ठणठणीत.
‘डावखुरी आहे,’ सुवैद म्हणाला.

नवं पान काढलं :
उजवं चाक, बेअरिंग दोन, साडेतीन रियाल.
तीन, तो म्हणाला.
सव्वातीन, मी म्हणालो.
पोरगी म्हणाली, तीन.