पाचशे तेवीस ग्रॅम

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं
मी संशय घेण्याचा पगार घेतला.
लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं,
त्यात शिसं भरतात
आणि शिशावर आम्ही सरकारी शिक्का मारायचो.
लोखंडावर तो नीट उमटत नाही.
मऊ असेल तिथंच उमटतो.

मंगळवार बाजारात, चिंचेच्या ढिगामागं
निंगव्वा हत्तुरे बसायची. वळसंगची.
तिच्या ताजव्यात अर्धा किलो म्हणून
एक काळा धोंडा.
शेंदूर नव्हता त्याला, खूण नव्हती,
फक्त एका अंगाला, हात लागून लागून आलेली चकाकी.
म्हणाली, सासूचा आहे.
मी म्हटलं, सासूचा शिक्का चालत नाही.

पावती फाडली, धोंडा पिशवीत घातला.
“धोंडा घेऊन कुठं जाऊलालाव, सायेब?”
चिडलीसुद्धा नव्हती ती.
जणू उन्हाच्या तिरमिरीत मी
दुसऱ्या कुणाच्या चपला घालून निघालो होतो.

ऑफिसात काट्यावर ठेवला.
पाचशे तेवीस.
पुन्हा ठेवला. पंखा बंद करून ठेवला.
यल्लप्पा शिपाई म्हणाला,
साहेब, हा तर उलटाच गुन्हा झाला की,
ह्याला कलम कुठलं?
कलम तेच लागलं.
कमी आणि जास्त यांतला फरक
कायद्याला दिसत नाही, दिसूही नये,
असं मला तेव्हा वाटायचं.
अजूनही थोडं वाटतं.

पुढच्या मंगळवारी तिच्याकडं नवं वजन होतं,
षटकोनी, माझ्याच हातच्या शिक्क्याचं.
आणि त्या दिवशी पहिल्यांदा
गिऱ्हाइकं वाकून काटा बघायला लागली.
विड्या वळणाऱ्या बायका, पाळी संपवून आलेले दोघं,
एक रिक्षावाला, ज्यानं जन्मात कधी
चिंचेचा काटा बघितला नसेल.
“का गं, धोंडा कुठं गेला?”
“सरकारनं नेला.”
“म्हणजे काहीतरी होतंच की त्यात.”
निंगव्वानं वरून एक मूठ टाकली.
“बघा, आता वरनं टाकायलीय,” कुणीतरी म्हणालं.
मी मागंच उभा होतो, साध्या कपड्यात.
पाचशे तेवीस.
आकडा तोंडात आला. गिळला.

धोंडा अजून त्या कपाटात असेल,
गळ्यात सुतळी, सुतळीला चिठ्ठी,
चिठ्ठीवर माझी सही.

आता निवृत्त आहे. रक्तदाबाची गोळी
औषधवाल्यानं पट्टीतून कात्रीनं कापून दिलेली,
मागचं नाव अर्धंच उरलेलं,
ती मी रोज डोळे मिटून घेतो.
भाजीवालीच्या डब्यातून एक बाई बोलते,
वीस रुपये प्राप्त झाले,
भाजीवाली मान वर करत नाही.
पूर्वी चेहरा बघायची, मग म्हणायची, उद्या द्या.
तक्रार नाही.
कुठल्या तोंडानं करू?

पाणी पाचव्या दिवशी.
चावीवाला दाऊद नदाफ संध्याकाळी
सायकलवरून न उतरता सांगून जातो: अडीचला.
लेखी काही नाही.
आणि रात्री अडीचला अख्खी गल्ली बाहेर,
हंडे, बादल्या, रंगाचे रिकामे डबे,
येमुल मास्तर बनियनवर,
त्यांची सून दाराच्या चौकटीला टेकून झोपलेली, उभीच.

पावणेतीन.
मास्तर विचारतात, येईल ना हो?
मला विचारतात. एवढ्या माणसांत, मला.
मी म्हणतो, दाऊद बोललाय.

नळ फुसफुसतो. नुसती हवा.
बराच वेळ नुसतीच हवा.
कुणीही हंडा हलवत नाही.