उघडा चावा

त्रिमूर्ती चौकात, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर,
डॉक्टर आहेर बाई विचारतात,
"बाटली कधी सोडली?"
मी म्हणते, दोन वर्षांची असताना. मग म्हणते, अडीच.
खरं तर तिसरंही उलटून गेलं होतं.

ओजल खुर्चीत आडवी. दाढा मिटलेल्या,
तरी पुढे फट,
तिच्या अंगठ्याएवढी, मापात.
शेवया तुटत नाहीत तिच्याच्यानं,
ओठांनी सुर्रकन ओढते.
आम्ही हसायचो. व्हिडिओ आहे मोबाइलमध्ये.

"झोपेत तोंड उघडं?"
उघडं. घोरतेसुद्धा.
"घरात आणखी कुणाचे दात असे?"
हा लगेच तोंडावर हात ठेवतो,
लग्नाच्या अल्बमभर ठेवलाय तसा.

अंगठ्याचं मात्र माझ्या तोंडून निघत नाही.
चार महिन्यांची होती, मी अंबडला
वायरिंगच्या लाइनवर परत उभी राहिले, दुसरी पाळी.
सासूबाई म्हणाल्या, बरंय बाई,
अंगठा घातला की गप झोपते पोर.
मीही म्हणाले, बरंय.
पुढे कारल्याचा रस लावला,
तिनं तोंड वाकडं केलं
आणि तोच अंगठा पुन्हा घेतला.

"दुधाचेच दात आहेत," बाई म्हणतात,
"सवय सुटली तर फट मिटेलही. रागवू मात्र नका."

आज सुट्टी. तिचा अंगठा
माझ्या मुठीत धरून पडलेय.
साडेअकराला कंपनीची बस
खाली थांबते, कुणाला तरी सोडून पुढे जाते.
झोपेतच ती
हात सोडवून घेते.